सोयरे, दाता आणि गारुडी : मराठी निसर्गकवितेतील कृतज्ञतेचा प्रश्न

१

मराठी निसर्गकवितेविषयी लिहिताना ‘निसर्गात ईश्वराचे दर्शन’ हा शब्दप्रयोग इतक्या सहजतेने केला जातो, की त्यातून नेमके काय सांगितले जाते हे विचारण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. या एका शब्दप्रयोगाच्या छत्राखाली तुकोबांचा डोंगर, रेव्हरंड टिळकांची फुले, बालकवींचा श्रावण आणि बहिणाबाईंचे शेत ही सारी सुखाने एकत्र नांदताना दिसतात. त्यांच्यातील भेद सांगायचा झाल्यास तो शैलीचा, प्रतिमासृष्टीचा किंवा फार तर मनोवृत्तीचा म्हणून सांगितला जातो. ईश्वराचे सान्निध्य जाणवणे आणि त्याबद्दल कृतज्ञ होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीतून दुसरी आपोआप निष्पन्न होत नाही, याकडे मात्र दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात याच भेदाचा विचार करावयाचा आहे.

‘कृतज्ञ’ या शब्दाची फोड साधी आहे : जे केले गेले आहे ते जाणणारा. म्हणजे कृतज्ञतेच्या अनुभवाला तीन पदे लागतात. देणारा, दिलेली वस्तू आणि घेणारा. यांपैकी एक पद गळले, की उरते ते आश्चर्य असेल, आनंद असेल, तादात्म्य असेल, कृतज्ञता नव्हे. मराठीतील या अर्थाचे शब्दही या त्रिपदीची साक्ष देतात. ‘आभार’ या शब्दात भार ऐकू येतो; ‘ऋण’ फेडायचे असते; ‘उतराई’ व्हायचे असते. हे सारे देवघेवीच्या व्यवहारातील शब्द आहेत आणि व्यवहाराला दुसरा पक्ष लागतो. तेव्हा निसर्गाच्या सान्निध्यात कवी जेव्हा हात जोडतो, तेव्हा ते हात कोणाकडे वळलेले आहेत, हा प्रश्न केवळ श्रद्धेचा राहत नाही. कविता कोणाला संबोधून बोलते, म्हणजे तिचा घाट कसा आहे, याचा तो प्रश्न होतो.

२

वारकरी परंपरेत ईश्वराची सर्वव्यापकता हे गृहीतच आहे. ‘अमृतानुभवा’च्या नवव्या प्रकरणात ज्ञानदेवांनी दिलेला दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे : एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरून काढता येतो. शैलगृहांच्या या प्रदेशात सुचावा असाच हा दृष्टान्त आहे. पण त्याचा तर्क शेवटपर्यंत नेला तर काय होते? देणारा, दान आणि घेणारा हेही त्याच एका खडकाचे ठरतात. भक्तीचा व्यवहार तेथे लीला म्हणून उरतो आणि ज्ञानदेवांना तेच अभिप्रेत आहे. परंतु आभाराचा भार वाहायला दुसरा कोणी उरत नाही. अद्वैताच्या या उंचीवर कृतज्ञता अपुरी पडते असे म्हणण्यापेक्षा ती अनावश्यक होते असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

तुकोबांकडे आल्यावर हा विचार तत्त्वचर्चेतून घरगुती नात्यात उतरतो. वृक्षवेलींना सोयरे म्हणणारा त्यांचा अभंग आज वृक्षारोपणाच्या फलकांवर इतका झिजला आहे, की त्यातील नात्याच्या शब्दाचे वजन आपल्या लक्षात येत नाही. सोयरा म्हणजे उपकारकर्ता नव्हे. मराठी घरात सोयऱ्याधायऱ्यांचे, त्यातही जवळच्या माणसांचे, आभार मानण्याची रीत नाही; तसे मानले तर परके केल्यासारखे वाटते. तुकोबांच्या या अभंगात आकाश, पृथ्वी, पक्षी आणि वारा यांच्याशी जो संसार थाटला आहे त्यात आभाराचा सूर नाही. तेथे सुख आहे, एकांत आहे, हरिकथा आहे आणि अखेरीस स्वतःच्याच मनाशी चाललेला वाद आहे. याउलट उपकार आणि उतराई ही भाषा तुकोबा वापरतात ती प्रामुख्याने संतांविषयी. संत जागे करतात, म्हणून त्यांचे ऋण. झाडे मात्र आपलीच.

हा भेद अपघाती नाही. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला आणि प्रथम पत्नी अन्नावाचून गेली. निसर्गाला दाता मानणाऱ्या मनाने अशा वेळी दात्याला जाब विचारला असता. सोयऱ्याशी असलेले नाते मात्र त्याने काही दिले नाही म्हणून तुटत नाही. तुकोबांच्या निसर्गभावनेची टिकाऊ शक्ती या नात्यात आहे. ती प्राप्तीवर उभी नाही.

३

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या कवितेत प्रथमच कृतज्ञतेची तिन्ही पदे स्पष्टपणे वेगळी होतात. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या भक्तिरचनेने अभंगाचा घाट स्वीकारला, ओवीचा स्वीकारला. त्यामुळे वारकरी परंपरेशी असलेल्या त्यांच्या सातत्यावरच समीक्षकांचा भर राहिला. निसर्गाच्या संदर्भात मात्र त्या पुलाच्या दोन काठांमधील अंतर मोजणे आवश्यक आहे.

ख्रिस्ती दृष्टीने सृष्टी ही देवाची कृती आहे, देव नव्हे. निर्माता आणि निर्मिती यांमध्ये जी रेषा आहे ती पुसता येत नाही. या रेषेमुळेच आभार मानणे शक्य होते, नव्हे, ते उपासनेचे एक अंगच बनते. मराठी ख्रिस्ती उपासनेतील ‘उपकारस्तुती’ हा शब्द या दृष्टीने बोलका आहे, कारण त्यात स्तुती आणि उपकाराची जाणीव एकजीव झालेली आहे. ज्या अभंगाच्या घाटात तुकोबांनी झाडांशी सोयरीक जोडली, त्याच घाटात टिळक दात्याला उद्देशून बोलू लागतात. छंद तोच असला, तरी संबोधनाची दिशा बदलते.

‘फुलामुलांचे कवी’ असा टिळकांचा लौकिक आहे आणि त्यामुळे त्यांची निसर्गकविता सौम्य, काहीशी बाळबोध मानली जाते. हा समज अर्धाच खरा आहे. ‘वनवासी फूल’ या खंडकाव्यात फुलाशी चाललेल्या संवादाचा घाट आहे. फूल तेथे पाहण्याची वस्तू नाही. ते बोलते, प्रश्न करते, जीवनाचा अर्थ सांगते. ‘केवढे हे क्रौर्य!’ या कवितेत शिकाऱ्याने घायाळ केलेली पक्षीण घरट्यापर्यंत पोहोचते, पिलांना चारा देते आणि प्राण सोडते. क्रौर्य येथे सृष्टीचे नाही, मनुष्याचे आहे. टिळकांची कृतज्ञता अबाधित राहते याचे एक कारण यात सापडते. जगातील दुःखाचा हिशेब ते मनुष्याच्या नावावर मांडतात आणि दात्याचे खाते स्वच्छ ठेवतात.

याची किंमतही त्यांच्या कवितेला द्यावी लागते. दाता ठरला की दानाला हेतू चिकटतो. फुलाला उपदेशक व्हावे लागते, पाखराला दृष्टान्त व्हावे लागते. वस्तूच्या मागे असलेल्या हाताकडे पाहण्याच्या घाईत वस्तूकडे पाहणे राहून जाते. टिळकांच्या अनेक कवितांतील फूल कोणत्या झाडाचे, कोणत्या ऋतूतले, हे आपल्याला कळत नाही. ते काय शिकवते हे मात्र नक्की कळते.

४

टिळकांच्या कवितेला जे साधले नाही ते त्यांच्याच घरी काही काळ राहिलेल्या एका तरुणाला साधले. त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८) यांचा जन्म धरणगावचा. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि पुढे अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) टिळक कुटुंबात त्यांचे वास्तव्य झाले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे हे सहजीवन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. एकाच छपराखाली राहिलेल्या या दोन कवींच्या निसर्गात एक मूलभूत अंतर आहे. टिळकांच्या निसर्गात दाता आहे. बालकवींच्या निसर्गात तो नाही.

हे विधान धाडसाचे वाटेल, कारण बालकवींच्या शब्दकळेत दिव्यत्वसूचक शब्दांची वाण नाही. पण शब्दांपेक्षा कवितेच्या रचनेकडे पाहावे. ‘श्रावणमास’ ही कविता पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठांतरातली. ऊन, पाऊस, इंद्रधनुष्य, पाखरे, गाईगुरे अशी दृश्ये उलगडत ती अखेरीस देवदर्शनाला निघालेल्या स्त्रियांपाशी येते. फुले आणि पत्री खुडून झाली आहे, पावले देवळाकडे वळली आहेत आणि येथेच कविता थांबते. ती देवळात शिरत नाही. श्रावणाचे गीत कवी वाचतो ते त्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर. ज्यांना देवाकडे जायचे आहे त्या पुढे जातील. कवीला जे हवे होते ते वाटेवरच मिळाले आहे. निसर्गातील आनंद आणि देवाचे दर्शन यांच्यामधले हे काही पावलांचे अंतर बालकवींनी ओलांडलेले नाही. त्यांना ते ओलांडण्याची गरज वाटली नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेत हेच मौन अधिक गडद होते. औदुंबर हा दत्ताचा वृक्ष. त्याच्या तळी पादुका असाव्यात अशी मराठी मनाची अपेक्षा. बालकवी गाव, शेत आणि पायवाट दाखवत काळसर पाण्यापर्यंत येतात आणि पाण्यात पाय सोडून बसलेले झाड दाखवून थांबतात. या झाडाचे अनेक अर्थ समीक्षकांनी लावले आहेत. विरक्त योगी, उदास साक्षी, निर्मितीचे मूळ. इतके अर्थ संभवतात याचे कारण असे, की कवितेने अस्तित्वाची तीव्र जाणीव दिली आहे, परंतु त्या अस्तित्वाला नाव दिलेले नाही. सान्निध्य आहे, संबोधन नाही. जेथे संबोधन नाही तेथे आभार उमटत नाहीत.

यावर असा आक्षेप घेता येईल, की आनंद हीच कृतज्ञता नव्हे काय? ‘फुलराणी’त साऱ्या सृष्टीलाच वऱ्हाड बनवून कळीचे लग्न लावणारा कवी कृतघ्न कसा म्हणावा? आक्षेप वाजवी आहे. कृतज्ञतेचा अभाव म्हणजे कृतघ्नता नव्हे; लहान मूल अंगणात खेळते तेव्हा ते अंगणाचे आभार मानत नाही. बालकवींचा आनंद या जातीचा आहे आणि मराठीत त्याला तोड नाही. पण अशा आनंदाला एक संरक्षण नसते. तो गेला तर त्याचा ठाव कोणाकडे विचारायचा? ‘उदासीनता’ या कवितेत नेमका हाच प्रसंग आहे. हृदयाला वेढणारी खिन्नता कोठून येते हे कवीला कळत नाही. आनंद कोठून येतो हे ज्याला कधी विचारावेसे वाटले नाही, त्याच्यावर दुःखाचे मूळ विचारण्याची वेळ येते, आणि त्या प्रश्नाला ऐकणारा कोणी नसतो. पडक्या भिंतीतला पारवा, ‘खेड्यातील रात्री’चा भेसूर काळोख हे याच निसर्गाचे दुसरे रूप आहे. टिळक अशा वेळी दात्याकडे गाऱ्हाणे घालू शकले असते, तुकोबा विठ्ठलाशी भांडू शकले असते. बालकवींच्या कवितेत भांडायलाही कोणी नाही.

येथे चरित्राचा आधार घेण्याचा मोह टाळला पाहिजे. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली झालेला त्यांचा मृत्यू त्यांच्या उदास कवितांवर मागाहून सावलीसारखा पसरवण्याची प्रथा आपल्याकडे आहे. त्या मृत्यूने कवितेबद्दल काहीही सिद्ध होत नाही. आनंदाची आणि उदासीनतेची कविता एकाच मुळातून आली आहे, हे संहितेतूनच दिसते. त्याला अपघाताच्या साक्षीची जरुरी नाही.

५

बालकवींच्याच खानदेशात, जळगावजवळच्या असोदे गावी, त्यांच्या आधी दहा वर्षे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशात आली. भूमी तीच, काळी माती तीच, ऋतू तेच. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. इंग्रजी रोमँटिक कवितेचा संस्कार त्यांच्यावर असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांची कविता ही एक स्वतंत्र साक्ष ठरते.

त्यांच्या निसर्गात पाहणारा आणि पाहिले जाणारे असा भेद नाही, पण तो अद्वैतामुळे नव्हे, कामामुळे नाहीसा होतो. शेत हे दृश्य नाही, ते करावयाचे आहे. ‘धरित्रीले दंडवत’ या गाण्यात काळ्या मातीत घाम जिरतो तेव्हा हिरवे उगवते. दंडवत आहे ते या घामाच्या पाठीवर. घेणाऱ्याने आधी काहीतरी दिलेले आहे. त्यामुळे दान आणि मोबदला यांची सोपी विभागणी येथे टिकत नाही, आणि तरीही नमन उरते, कारण घाम आणि अंकुर यांच्यामध्ये जे घडते ते घाम गाळणाऱ्याच्या हातात नसते. त्या अज्ञात अंतराला बहिणाबाई जे नाव देतात ते विलक्षण आहे : देव हा अजब गारुडी आहे. दाता नव्हे, गारुडी. दात्यापुढे माणूस ओशाळतो. गारुड्यापुढे थक्क होतो आणि हसतो. याच गाण्यात कोंबातून फुटलेली दोन पाने त्यांना जोडलेल्या हातांसारखी दिसतात. म्हणजे नमस्कार करण्याचा मान माणसाने एकट्याकडे ठेवलेला नाही. पीक स्वतःच हात जोडून उभे आहे, आणि माणूस त्या प्रार्थनेत उशिरा सामील होतो.

कृतज्ञतेचे दुसरे अंग, म्हणजे ऋण, बहिणाबाई तितक्याच नेमकेपणाने ओळखतात. पोळ्यावरील गाण्यात सण बैलाचा आणि ऋण शेतकऱ्याचे, असा हिशेब त्या मांडतात. पोळ्याच्या दिवशी बैलाचे आभार शब्दांनी मानले जात नाहीत. त्याच्या मानेवरचे जू उतरते, त्याला धुतात, शिंगे रंगवतात, पुरणपोळी भरवतात. येथे कृतज्ञता ही भावना राहत नाही, वर्तन होते. ‘आभार’ शब्दातला भार येथे शब्दशः एका खांद्यावरून उतरवला जातो.

ही कविता सुखाच्या सावलीत लिहिलेली नाही. अकाली आलेले वैधव्य बहिणाबाईंच्या गाण्यांत आहे, ज्योतिषाला दारातून परत पाठवणारा त्यांचा कणखर आवाज आहे. दैवाने पुसलेले कुंकू आणि मातीने दिलेले हिरवे यांची त्या बेरीज-वजाबाकी करीत नाहीत. एकाने दुसऱ्याची भरपाई होते असे त्या म्हणत नाहीत, आणि एकामुळे दुसरे खोटे ठरते असेही म्हणत नाहीत. टिळकांना दुःखाचा हिशेब मनुष्याच्या नावावर मांडावा लागला. बालकवींना तो मांडताच आला नाही. बहिणाबाई तो उघडा ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पेरणीला जातात.

६

या विवेचनातून कवींची श्रेष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड लावण्याचा हेतू नाही. बालकवींच्या श्रावणाची चित्रमयता बहिणाबाईंकडे नाही आणि त्यांना ती नकोही होती. टिळकांच्या दात्याशिवाय मराठी कवितेला उपकारस्तुतीचा स्वर मिळाला नसता. पुढे बा. भ. बोरकरांच्या (१९१०–१९८४) कवितेत गोव्याच्या भूमीतील इंद्रियसुख आणि घरातील भजनपरंपरेचा संस्कार एकत्र आले, तेव्हा आस्वाद घेणे हाच नैवेद्य होऊ शकतो, अशी आणखी एक शक्यता खुली झाली. तिचा विचार स्वतंत्रपणेच व्हायला हवा.

येथे मुद्दा समीक्षेच्या परिभाषेचा आहे. ‘निसर्गात ईश्वर’ हे विधान कवितेच्या आशयाविषयी काही सांगत नाही. फार तर ते कवीच्या श्रद्धेविषयी सांगते. विचारायला हवे ते असे : ही कविता कोणाशी बोलते? ती निसर्गाला सोयरा मानते, दान मानते, खेळाचे अंगण मानते की कामाचे रान? आणि निसर्गाने पाठ फिरवली, पाऊस आला नाही, हृदय कोरडे पडले, तर तिच्यापाशी बोलायला काय उरते? ईश्वराचे सान्निध्य कवितेने कितीही तेजस्वीपणे रंगवले असले, तरी तिच्या कृतज्ञतेचा कस लागतो तो ते सान्निध्य नसताना. तुकोबांचे सोयरेपण आणि बहिणाबाईंचे दंडवत या कसाला उतरतात, कारण दोघांनीही निसर्गाकडून मिळालेल्या सुखाला त्याच्याशी असलेल्या नात्याची अट केलेली नाही. बालकवी या कसाला उतरत नाहीत. पण आभार मानायला कोणी नसलेल्या आनंदाचे आयुष्य किती असते, हे त्यांच्याइतक्या प्रामाणिकपणे मराठीत दुसऱ्या कोणी दाखवलेले नाही. देवळाच्या वाटेवर थांबलेली त्यांची कविता आपण आजवर देवदर्शनाची कविता म्हणून शिकवत आलो. ती जेथे थांबते तेथेच थांबून तिचे वाचन करायला हवे.